चाकणची भट्टी आणि गेलचा गॅस: सरकारी म्हणजे स्वस्त का, आणि तुटला तर आधी कोणाचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: चाकण एमआयडीसीत फोर्जिंगचं (तापवलेला धातू ठोकून घडवण्याचं) युनिट आहे, दोन भट्ट्या फर्नेस ऑइलवर चालतात, रोज साधारण 1,200 लिटर तेल जातं. पाइपचा गॅस गेटपर्यंत आला आहे. गेल ही केंद्र सरकारची कंपनी, तेव्हा दर आटोक्यात राहील आणि पुरवठा तुटणार नाही असं धरावं का? आणि मधल्या कंपनीऐवजी गॅस थेट गेलकडूनच घेता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. पहिल्या दोहोंचं उत्तर तुमचा करार, भट्टीचं वेळापत्रक आणि तुम्ही पर्यायी इंधन किती तयार ठेवता यावर ठरेल. पण या सगळ्याच्या मुळाशी एकच मुद्दा आहे. गॅस कमी पडला की देशात रांग लागते, आणि त्या रांगेत तुमच्या कारखान्याचा नंबर कितवा हे आधी कळायला हवं. गेल सरकारी असल्याचा सगळ्यात मोठा परिणाम दरावर होत नाही, या रांगेवर होतो. रांगेत तुम्ही शेवटाकडे आहात. हे धरून हिशेब केला तरी गॅस परवडू शकतो, फक्त तेलाची टाकी भंगारात काढू नका.

थेट गेलकडून का नाही, ते आधी संपवू. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ एकेका भौगोलिक क्षेत्राचा परवाना एका शहर गॅस कंपनीला देतं. त्या क्षेत्रात दिवसाला 50,000 घनमीटरपर्यंत गॅस लागणाऱ्या ग्राहकाला त्याच कंपनीच्या जाळ्यातून गॅस घ्यावा लागतो. 50,000 ते 1 लाख या टप्प्यात दोन्ही वाटा खुल्या आहेत, आणि 1 लाखाच्या वर गेलं की ग्राहक थेट मुख्य पाइपलाइनवर येऊ शकतो. तुमचा वापर, खाली हिशेब देतो, 1,300 घनमीटरच्या आसपास आहे. म्हणजे करार होणार तो महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडशी, ज्यांना सगळे एमएनजीएल म्हणतात. ही कंपनी मुळात गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून उभी केली, त्यामुळे गेल तुमच्या पाइपात आहेच, फक्त बिलावर नाही.

मग गेल करते काय? लोकांची समजूत असते की गेल गॅस काढते. जमिनीतून आणि समुद्रातून गॅस काढण्याचं मुख्य काम ओएनजीसी, ऑइल इंडिया आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खासगी कंपन्यांचं. गेलची स्थापना ऑगस्ट 1984ची, आणि तिचं पहिलं मोठं काम होतं हजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही पाइपलाइन. मुंबईजवळच्या समुद्रात वसईच्या क्षेत्रात गॅस सापडला होता, तो हजिऱ्याला किनाऱ्यावर येत होता, आणि तिथून उत्तरेकडे न्यायला वाट नव्हती. ती वाट विजयपूर, आँवला, जगदीशपूर इथल्या खत कारखान्यांसाठी आणि कवास, अंता, औरैया इथल्या वीजकेंद्रांसाठी बांधली गेली. कुठल्याशा शहरातल्या छोट्या भट्टीसाठी ती आखलेलीच नव्हती. आजची उतरंड अशी का, त्याचं निम्मं उत्तर या जन्मकथेत आहे.

आज गेलच्या डोक्यावर तीन टोप्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या ओळखल्या नाहीत तर सगळा गोंधळ होतो.

पहिली वाहतूकदाराची. 16,000 किलोमीटरहून जास्त पाइपलाइन, रोज साधारण 12 कोटी घनमीटर गॅसची ने-आण. देशाचा एकूण वापर 19 कोटींच्या आसपास आहे, म्हणजे देशातला बहुतेक गॅस कधी ना कधी गेलच्या नळीतून जातो. या कामाचा दर गेल ठरवत नाही, नियामक मंडळ ठरवतं. पूर्वी गॅस जितक्या पाइपलाइनांतून जाई तितके दर एकावर एक चढत, त्यामुळे लांबचा ग्राहक मार खायचा. एप्रिल 2023पासून एकत्रित दर आला. सुरुवातीला 300 किलोमीटरपर्यंत, 300 ते 1,200 आणि त्यापुढे, असे अंतराचे तीन टप्पे होते.

दुसरी टोपी व्यापाऱ्याची. गेल परदेशातून एलएनजी (थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू) विकत घेते आणि खत कारखाने, वीजकेंद्रं, शहर गॅस कंपन्या, मोठे उद्योग यांना विकते. इथे गेल नफा-तोटा बघणारी, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे.

तिसरी टोपी सरकारच्या वतीने वाटप करणाऱ्याची, आणि खरं सरकारीपण इथेच दिसतं. देशी स्वस्त गॅस शहर गॅस कंपन्यांमध्ये वाटण्यासाठी गेल ही नोडल, म्हणजे समन्वय करणारी, संस्था आहे. युरिया कारखान्यांसाठी 2015पासून देशी आणि आयात गॅसचे दर एकत्र करून सगळ्यांना समान दर लावला जातो, दर एकत्र करण्याचं ते कामही गेलकडेच. रायगडमधल्या थळचा आरसीएफचा कारखाना आणि उत्तरेतला एखादा कारखाना यांना गॅस वेगवेगळ्या ठिकाणाहून मिळत असला तरी दर सारखा पडतो, तो या व्यवस्थेमुळे. खताचं अनुदान त्यावर अवलंबून असतं, म्हणून सरकार इथे हात ढिला सोडत नाही.

ही तिसरी टोपी तुमच्यासाठी महत्त्वाची, कारण गॅस दोन प्रकारचा असतो आणि पाइपात तो दिसायला एकच असतो. ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांतून येणाऱ्या देशी गॅसचा दर एप्रिल 2023पासून भारतीय कच्च्या तेलाच्या सरासरी दराच्या 10 टक्के असा बांधला आहे, खाली 4 डॉलर आणि वर 6.5 डॉलर प्रति एमएमबीटीयू (गॅसमधल्या उष्णतेचं माप, दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट) अशी मर्यादा. वरची मर्यादा दोन वर्षं गोठवून मग दरवर्षी पाव डॉलरने वाढायची होती, त्याप्रमाणे एप्रिल 2025मध्ये ती 6.75 झाली. हा गॅस आधी घरगुती पीएनजी आणि गाड्यांच्या सीएनजीला जातो, मग खत, एलपीजी काढणारे प्रकल्प, वीज अशी उतरंड लागते. तुमच्यासारख्या औद्योगिक ग्राहकाच्या वाट्याला तो येतच नाही. शेजारच्या सोसायटीतल्या स्वयंपाकघरातला गॅस आणि तुमच्या भट्टीतला गॅस एकाच नळीतून आला तरी हिशेबाच्या वहीत ते दोन वेगळे माल आहेत. तुमचा आयात एलएनजी, किंवा बाजारभावाने विकला जाणारा देशी गॅस.

आता तर घरगुती-सीएनजीलाही तो पुरेनासा झालाय. जुन्या क्षेत्रांचं उत्पादन घटतंय आणि शहरांची मागणी वाढतेय. 2024च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये शहर गॅस कंपन्यांचा स्वस्त गॅसचा कोटा लागोपाठ दोनदा कापला गेला, जानेवारी 2025मध्ये थोडा परत मिळाला. कोटा कापला की कंपनीला तीच तूट महाग गॅसने भरावी लागते, आणि तो भार सीएनजीवर टाकता आला नाही तर औद्योगिक दराकडे सरकतो. तुमचा कोटा कधी नव्हताच, तरी झळ बसते ती अशी.

दर कसा चढत जातो ते एका काल्पनिक आकड्यावर दाखवतो. हे आजचे भाव नाहीत, फक्त रचना लक्षात यावी म्हणून. एलएनजी गुजरातमधल्या दहेजच्या बंदरावर 11 डॉलर प्रति एमएमबीटीयू या दराने आला, डॉलर 85 रुपये धरला, तर 935 रुपये. त्यावर सीमाशुल्क आणि अधिभार मिळून 2.75 टक्के, म्हणजे 26 रुपये. उणे 162 अंशांवरचा द्रव पुन्हा वायू करण्याचा खर्च 65 रुपये धरू, पाइपलाइनचं भाडं 70 धरू. बेरीज 1,096. एका एमएमबीटीयूत साधारण 27 घनमीटर गॅस येतो, म्हणजे शहराच्या वेशीवर घनमीटरला 41 रुपयांच्या आत-बाहेर. पुढे एमएनजीएलचं जाळं, त्यांचा नफा, आणि सगळ्यावर महाराष्ट्राचा व्हॅट. हा व्हॅट एप्रिल 2022मध्ये 13.5 टक्क्यांवरून 3 टक्के झाला, ही उद्योगांसाठी मोठी गोष्ट होती.

एक गोष्ट बहुतेक जण तुलनेत विसरतात. नैसर्गिक वायू अजून जीएसटीच्या बाहेर आहे, फर्नेस ऑइल आत आहे. तेलावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, गॅसवरच्या व्हॅटचं मिळत नाही. शिवाय गॅसच्या वाहतुकीवर आणि पुन्हा वायू करण्याच्या सेवेवर लागणारा जीएसटीही साखळीत अडकून किमतीत मुरतो. तुलना करताना तेलाचा दर कर वगळून घ्या आणि गॅसचा दर करासकट.

या दरात गेलचा हात कुठे? आयात करार करण्यात. गेलचे अमेरिकेतले करार हेन्री हब या तिथल्या गॅस दराशी बांधलेले आहेत. सबीन पासच्या कराराचं सूत्र हेन्री हबच्या 115 टक्के अधिक 3 डॉलर असं आहे, जहाजभाडं वेगळं. पेट्रोनेट ही एलएनजी आयात करणारी कंपनी कतारमधून जो गॅस आणते तो ब्रेंट तेलाच्या दराशी बांधलेला, आणि त्यातला मोठा हिस्सा गेलच विकते. म्हणजे टोपलीत दोन स्वभावांचे गॅस आहेत. तेल भडकलं की अमेरिकी गॅस स्वस्त वाटतो, तेल पडलं की उलट. तेलाशी बांधलेला दर बहुधा मागच्या काही महिन्यांच्या सरासरीवर चालतो, त्यामुळे तेल उतरलं की फर्नेस ऑइल लगेच उतरतं आणि गॅस तीन-चार महिन्यांनी. चढताना याच्या उलट, गॅस काही काळ स्वस्त राहतो. एकाच महिन्याचे दोन दर समोर ठेवून निर्णय घेऊ नका, किमान 24 महिन्यांचे ठेवा.

सरकारी कंपनीचा दीर्घ करार म्हणजे हमी, हे 2022ने खोटं ठरवलं. गेलचा रशियाच्या गाझप्रोमच्या सिंगापूरमधल्या व्यापारी कंपनीशी वर्षाला 25 लाख टनांचा करार होता. युक्रेन युद्धानंतर त्या कंपनीची जर्मन पालक कंपनी जर्मन सरकारच्या ताब्यात गेली, रशियाने तिच्यावर निर्बंध घातले आणि भारताकडे यायची जहाजं थांबली. गेलने खत कारखान्यांचा आणि उद्योगांचा पुरवठा कमी केला, उत्तर प्रदेशातल्या पाता इथल्या स्वतःच्या पेट्रोकेमिकल कारखान्याचाही भार उतरवला. खुल्या बाजारात पर्याय घ्यावा तर आशियातला हाजिर (दीर्घ कराराशिवाय, तात्काळ खरेदीचा) दर त्या ऑगस्टमध्ये 50 डॉलरच्या पार गेला होता, जो 2020च्या एप्रिलमध्ये 2 डॉलरच्या खाली होता. गेल लवादात गेली आणि जानेवारी 2025मध्ये 28.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. पैसे आले, पण ज्या कारखान्याची भट्टी 2022मध्ये थंड पडली त्याला त्यातून काही मिळालं नाही. त्याच्या करारात तशी सोयच नव्हती.

भौतिक पुरवठा कुठे तुटतो, यावर जरा जास्त थांबतो, कारण हे भाग एकदा समजले की घाबरायचं कधी आणि नाही कधी ते कळतं.

भारतात गॅसची भूमिगत साठवण नाही. युरोपात रिकामी झालेली गॅसक्षेत्रं आणि मिठाच्या पोकळ्या भरून हिवाळ्याची तजवीज करतात, तसं आपल्याकडे काही नाही. साठा असतो तो दोनच ठिकाणी: बंदरावरच्या एलएनजीच्या टाक्यांत आणि खुद्द पाइपात. पाइपात दाबून भरलेल्या गॅसला आमच्याकडे लाइनपॅक म्हणतात. 36 इंची पाइपलाइनच्या 100 किलोमीटरमध्ये 70 बार दाबाला साधारण 50 लाख घनमीटर गॅस मावतो. मोठा आकडा वाटतो, पण सगळा वापरता येत नाही, कारण दाब अमुक इतका खाली गेला की पुढचा कॉम्प्रेसर आणि शहरांची स्टेशनं चालत नाहीत. दाब 70वरून 50वर आणला तर हाती लागतात फक्त 15 लाख घनमीटर. दिवसाला 2 कोटी घनमीटर वाहणाऱ्या लाइनमध्ये हा दोन तासांपेक्षाही कमी वेळ पुरणारा गॅस. म्हणून नियंत्रण कक्षात सगळं लक्ष असतं ते आत किती शिरलं आणि बाहेर किती गेलं यावर. गॅसचा दिवस सकाळी 6 ते दुसऱ्या सकाळी 6 असा मोजतात, प्रत्येक ग्राहक आदल्या दिवशी 'उद्या इतका उचलणार' असं नामांकन देतो, आणि त्यापेक्षा फार कमी-जास्त उचललं तर असंतुलनाचा दंड बसतो. हा दंड तुमच्यापर्यंत थेट येत नाही, पण एमएनजीएलला बसतो. म्हणून तुमच्या करारात जास्त उचल केल्यास चढा दर असतो.

तुटीची कारणं माझ्या अनुभवात या क्रमाने येतात. सगळ्यात वारंवार दुसऱ्याच कोणाचं खोदकाम: रस्ता, केबल, पाण्याची लाइन. 2025च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत नेमकं हेच झालं. आरसीएफच्या आवारात गेलच्या मुख्य वाहिनीला तिसऱ्याच कामामुळे इजा झाली, महानगर गॅसच्या वडाळा स्टेशनचा पुरवठा घटला, सीएनजी पंपांवर रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या. तेव्हा घरगुती ग्राहकांना अग्रक्रम दिला आणि औद्योगिक-व्यापारी ग्राहकांना पर्यायी इंधनावर जायला सांगितलं. मी वर म्हणतोय ती रांग हीच. त्यात काही अन्यायही नाही: घरगुती लाइनमधला दाब शून्यावर गेला तर हवा शिरते, आणि मग हजारो घरांत एकेक शेगडी तपासून पुरवठा सुरू करावा लागतो. कारखान्याचा एक व्हॉल्व्ह बंद करून नंतर उघडणं त्यापेक्षा किती तरी सोपं.

मग येतात गॅसक्षेत्रांवरचे आणि प्रक्रिया केंद्रांचे देखभालीचे बंद, जे आधी कळवलेले असतात. कॉम्प्रेसर बंद पडणं. पावसाळ्यात समुद्र खवळून जहाज धक्क्याला न लागणं. दाभोळच्या एलएनजी टर्मिनलला अनेक वर्षं लाटारोधक बांध नव्हता म्हणून तिथे पावसाळ्यात जहाजंच येऊ शकत नसत. आणि कधीतरी, पण भयंकर, पाइपचा गंज. जून 2014मध्ये आंध्र प्रदेशातल्या नगरम गावात गेलची पाइपलाइन फुटून वीसहून अधिक माणसं गेली. कोरड्या गॅससाठी असलेल्या लाइनमधून ओला गॅस वाहत होता, आणि पाणी-कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की पोलाद आतून खाल्लं जातं. त्यानंतर जुन्या लाइनांकडे बघण्याची दृष्टी बदलली.

पुण्याकडे येणारा गॅस दहेज-उरण-पनवेल-दाभोळ या गेलच्या लाइनवरच्या फाट्यातून येतो. एक टोक गुजरातच्या टर्मिनलांकडे, दुसरं दाभोळकडे, ही तुमच्या बाजूची गोष्ट. टर्मिनल आहे पण पाइप नाही, तर काय होतं ते कोचीने दाखवलं: 2013मध्ये तयार झालेलं टर्मिनल वर्षानुवर्षं जवळजवळ रिकामं बसलं, कारण मंगळुरूपर्यंतची लाइन 2021मध्ये सुरू झाली.

विजेबद्दल एवढंच: देशात गॅसवर चालणारी सुमारे 20,000 मेगावॉट क्षमता आहे आणि बहुतेक काळ ती झोपलेली असते. उरणच्या 672 मेगावॉटच्या केंद्रालाही पूर्ण क्षमतेचा गॅस मिळत नाही. 2024च्या उन्हाळ्यात केंद्राने वीज कायद्याचं कलम 11 वापरून गॅस केंद्रांना चालायला सांगितलं होतं. कडक मे महिन्यात हाजिर गॅसचा भाव चढला तर हे एक कारण लक्षात ठेवा. ऊर्जेत गॅसचा वाटा 2030पर्यंत 15 टक्क्यांवर न्यायचं सरकारी लक्ष्य आहे. आज तो 6-7 टक्के आहे. निम्मा गॅस आयात असताना आणि कोळसा इतका स्वस्त असताना ते गाठलं जाईल असं मला वाटत नाही, आणि तुमच्या निर्णयात या लक्ष्याला काही किंमत देऊ नका.

आता तुमचं गणित. फर्नेस ऑइलचं निव्वळ उष्मांक मूल्य लिटरला साधारण 9,170 किलोकॅलरी. 1,200 लिटरचे झाले 1.10 कोटी. गॅसचं निव्वळ मूल्य घनमीटरला 8,450 धरा, तर 1,300 घनमीटर. विक्रेता कधी ढोबळ मूल्यांवर तुलना दाखवतो, म्हणजे तेल 9,690 आणि गॅस 9,400. त्यात 1,240 घनमीटरच येतात. फरक पाच टक्के, आणि तो तुमच्या खिशातला. गॅसमध्ये हायड्रोजन जास्त असल्याने धुराड्यातून पाण्याची वाफ जास्त जाते आणि ती उष्णता भट्टीत परत मिळत नाही, म्हणून भट्टीसाठी निव्वळ मूल्यच धरायचं. याच्या उलट बाजूला मांडा: तेल 90-100 अंशांपर्यंत तापवण्याचा खर्च, पंप, नोझलची साफसफाई, टाकीतला गाळ. गॅसवर हे सगळं जातं. पण तेलाची ज्योत पिवळी, जास्त उष्णता फेकणारी असते, गॅसची निळसर. बिलेट (घडवायचा धातूचा ठोकळा) तापायला सुरुवातीला वेळ जास्त लागला तर बर्नरचा कोन आणि हवेचं प्रमाण बघा. एका घनमीटर गॅसला दहा घनमीटर हवा लागते.

करारात रोज किती गॅस घेणार म्हणून लिहून देता, तो एकच आकडा सगळं ठरवतो. 1,300 लिहून देऊ नका. किमान उचलीची अट बहुधा 80 ते 90 टक्क्यांची असते, आणि ऑर्डर मंदावल्या की न जाळलेल्या गॅसचे पैसे भरावे लागतात. सरासरीच्या तीन-चतुर्थांशापासून, म्हणजे 1,000च्या आसपास सुरू करा, वरच्या उचलीला चढा दर किती ते लिहून घ्या, आणि सहा महिन्यांनी वाढवा. किमान उचल रोजची की पंधरवड्याची सरासरी, आणि गुरुवारची साप्ताहिक सुट्टी त्यात धरतात का, हे नक्की विचारा. चाकणमध्ये या एका ओळीवर महिन्याचे चार-पाच दिवस अवलंबून आहेत. गेलने पुरवठा कापला म्हणून एमएनजीएलने तुमचा कापला, तर त्या दिवसांची किमान उचल माफ होते का? दर कशाशी बांधलाय, एलएनजीच्या खर्चाशी की पर्यायी इंधनाच्या दराशी? दोन्ही चालतात, पण माहीत हवं.

मीटरचा आकार रोजच्या सरासरीवर काढू नका. 1,300 घनमीटर 20 तासांत म्हणजे तासाला 65, पण दोन्ही भट्ट्या थंड सुरू केल्या की दुप्पट, 130. 2 बार गेज (हवेच्या दाबापेक्षा 2 बार जास्त) दाबाला तेच प्रत्यक्षात 43 घनमीटर होतात, म्हणजे जी-25 या आकाराचा मीटर अपुरा, त्याहून मोठा जी-40 घ्या, आणि त्यावर दाब-तापमान दुरुस्त करणारा इलेक्ट्रॉनिक करेक्टर हवाच. रात्री एकच पायलट ज्योत चालू ठेवत असाल तर मीटरची किमान मर्यादा बघा.

बर्नर दुहेरी इंधनाचे घ्या, गॅस आणि तेल. एलपीजीवर जाण्याचा पर्यायही आहे: एलपीजीची वाफ आणि हवा मिसळून नैसर्गिक वायूसारखी ज्वलनक्षमता मिळवता येते, मग बर्नर बदलावा लागत नाही. पण त्यासाठी एलपीजी साठ्याचे परवाने लागतात, तुमच्याकडे तेलाची टाकी आधीच आहे. इंधन बदलाची नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात करून घ्या, दोन्ही इंधनं लिहून. गॅस हवेपेक्षा हलका, म्हणून गळतीचे डिटेक्टर छताजवळ. एलपीजी घेतलंत तर ते जमिनीलगतही लागतील, एका उंचीवर दोन्ही चालत नाहीत.

तेलाचा साठा 5 दिवसांचा, म्हणजे 6,000 लिटर ठेवा, आणि टाकीचा हीटर चालू स्थितीत. महिन्यातून एक शिफ्ट मुद्दाम तेलावर चालवा, शक्यतो गुरुवारच्या सुट्टीआधीची, म्हणजे नोझल तुंबलेलं निघालं तर दुरुस्तीला दिवस मिळतो.